पटावरची मेलेली सोंगटी

कसब्यात दर रविवारी आम्ही काही हौशी मंडळी काकांनी स्वतः तयार केलेला पटावरचा खेळ खेळायचो. त्यात मेलेली सोंगटी उचलायची नाही, इतरांनी तिला वळसा घालून जायचं. या नियमावरून मी त्यांच्याशी कायम भांडायचो.

"अहो, मेली ना ती? मग उचला की!"

"माणूस गेला की त्याची जागा मोकळी होते, असं तुला कुणी सांगितलं?"

काका गेल्यानंतरच्या रविवारी आम्ही पट मांडला. एकजण म्हणाला, "आता तो नियम काढून टाकू या." मी त्याच्यावर खेकसलो. पहिली सोंगटी माझीच मेली. ती तिथेच राहिली, मागून मरत गेलेल्याही राहिल्या. शेवटी पटावर कुणालाच हलायला वाट उरली नाही. तरी कुणी उठेना.