मुलीचं पोट आणि माझं जीवशास्त्र

अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी एकवीस वर्षं जीवशास्त्र शिकवते. अँटीबॉडीचं चित्र फळ्यावर डोळे मिटून काढते. घरी मात्र माझी मुलगी दर महिन्याला पोट धरून गडबडा लोळायची, तेव्हा या विदुषीकडे एकच उत्तर होतं: ओवा खा, गरम पाण्याची पिशवी घे, सगळ्यांनाच होतं. एकदा तिने चाचणी परीक्षा बुडवली, तर मी तिला नाटकी म्हटलं. वर्गात बाकावर डोकं टेकवणाऱ्या मुलींनाही मी असंच दटावून सरळ बसवलंय.

मग ती अकोल्याला शिकायला गेली आणि दुखणं सहन न होऊन हॉस्टेलमध्ये चक्कर येऊन पडली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एंडोमेट्रिओसिसची शंका बोलून दाखवली. म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर भलतीकडेच वाढतं. खात्री करायची तर बेंबीतून दुर्बीण घालून बघू, म्हणाल्या. पोरीच्या पोटाला चिरा पडणार या कल्पनेनेच मी धास्तावले. पण भीती वाटते असं कबूल करील ती मास्तरीण कसली? मोबाइलवर शोधलं, तर हा आजार रक्तातल्या अँटीबॉडींवरून ओळखता येईल का, यावर संशोधन चालू असल्याचं सापडलं. आता तर माझाच विषय! कागद छापले, जागोजागी खुणा केल्या आणि सकाळच्या एसटीने अकोला गाठलं.

दवाखान्यात मुलीला शेजारी बसवून मी चांगली दहा मिनिटं व्याख्यान झोडलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या तपासणीचा अजून भरोसा नाही, मॅडम. आली तर आमालेही पायजेच आहे," त्या म्हणाल्या. "आता तिले बोलू द्या. कधीपासून दुखते गं?"

"दोन वर्षं झाली," मीच उत्तर दिलं.

"आठवीपासून," मुलगी म्हणाली.

बाहेर बाकावर बसल्यावरही माझी खोड जाईना. पुन्हा कागद उघडले. मुंबई-पुण्याला कुठेतरी ही तपासणी करत असतील, एकदा रक्तात दिसलं म्हणजे कसं पक्कं होईल, असं काहीबाही बोलत सुटले.

"आई, रक्तात निघालं तरच खरं मानशीन का तू?" ती म्हणाली. "मी इतके वर्षं सांगून राहिली, ते तू कशातच नाही धरलं."

मला फार लाज वाटली. आजूबाजूला चार माणसं बसली होती, तरी डोळे भरून आले.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली आणि दुर्बिणीची तारीख ठरवायला एकटीच आत गेली.