म्हैस आणि उलटी सतरंजी

वरच्या मजल्यावरच्या ताईला खालचे घड्याळवाले काका किती ओळखत होते, असं कोणी विचारलं तर उत्तर अवघड आहे. तिचं वय त्यांना माहीत नव्हतं. लग्न का केलं नाही, हे विचारायची त्यांची हिंमत नव्हती. जिन्यात गाठ पडली की ते भिंतीला चिकटून वाट देत आणि "बरं आहे ना?" एवढं विचारत. बाकीची ओळख सगळी छतातून झिरपत आलेली.

ताई दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती. दिवसभर यंत्रातून ओल्या चादरी ओढायच्या, झटकायच्या, इस्त्रीच्या रुळाखाली घालायच्या. अंगानं मूठभर, पण मनगटं लोहाराची. घरी आली की चहा, आईच्या गोळ्या आणि मग ड्रम. तेही चार-पाच नव्हेत. खाली पिंपाएवढे तीन बेस ड्रम, त्यांच्यावर ओळीनं लहानमोठे आठ-नऊ आणि वर झाडाला पानं फुटावीत तशा झांजा. पलंग कधीच निघाला होता. ताई मधल्या जागेत गादी सरकवून झोपायची. सगळ्यात मोठ्या बेस ड्रमला घरात 'म्हैस' म्हणत. सरावाच्या वेळी ती सगळ्यांवर जुनी ब्लँकेटं घालायची, तरी खाली काकांच्या टेबलावरचे स्क्रू थरथरत.

एकदा काका धीर करून तक्रार करायला वर गेले. ताईच्या आईनं दार उघडलं.

"आवाजाचं सांगायला आलात ना?"

"नाही... म्हणजे... तुम्हाला नाही का त्रास होत?"

"मला? अहो, पोटात होती तेव्हापासून लाथा मारतेय ही. या आत."

आत ताई झांजेच्या स्टँडखाली आडवी पडली होती. "काका, बरे आलात. तुमची बोटं बारीक कामाची. हा स्क्रू बघा ना जरा." काकांनी स्क्रू बसवला, चहा घेतला आणि आले तसे खाली गेले. तेव्हापासून काही ढिलं झालं की बोलावणं येऊ लागलं.

असेच एकदा बसले असताना त्यांनी विचारलं, "एवढे सगळे लागतात का हो?"

"लागतात असं नाही," ताई म्हणाली. "पण दिवसभर हात एकाच जागी जातो. वाजवताना तरी तो जिकडे जाईल तिकडे काहीतरी असावं."

ताई धाकट्या भावाच्या बँडमध्ये वाजवायची. भाऊ गायचा, गिटार वाजवायचा आणि कार्यक्रमही तोच ठरवायचा. दोघांचं वाजायचं ते या ड्रमांवरूनच.

"अख्ख्या जगाला चार ड्रम पुरतात, ताई."

"पुरू देत की जगाला."

"मांडता मांडता पडद्याची वेळ टळते. आणि एवढं करून तू दिसतेस कुठे? परवा एकजण विचारत होता, ड्रमचं मशीन कुठून आणलंत?"

"सांगायचं ना, घरचंच आहे, चहावर चालतं."

भाऊ हसला नाही. "या वेळी सभागृह मोठं आहे. पडद्याला उशीर झाला तर पुढच्या कार्यक्रमापासून चारच. नाहीतर मी दुसरा ड्रमर बघेन. भाऊ म्हणून नाही, बँडवाला म्हणून सांगतोय."

काका हातातला स्क्रूड्रायव्हर उगाच पुसत राहिले.

"सगळे येतील," ताई म्हणाली. "आणि वेळेवर मांडले जातील."

मांडायची तिची एक रीत होती. एका मोठ्या सतरंजीवर प्रत्येक स्टँडच्या पायाची खूण रंगीत चिकटपट्टीनं केलेली. सतरंजी पसरली की नकाशाच; खुणेवर पाय टेकवत जायचं. त्या दिवसापासून ताईनं ध्यासच घेतला. कामावरून यायची, सगळं मोडायची आणि पुन्हा मांडायची. खाली काकांना ऐकू यायचं, खरखर, ठक, खरखर, ठक. पुढे पुढे ती मान वर न करता मांडू लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी धुलाईखान्यातून सुटायला तिला उशीर झाला. तेवढीच मदत म्हणून भावानं सतरंजी पसरून ठेवली. तिची एक कड उसवली होती, दशा लोंबत होत्या. ती नेहमी लोकांच्या बाजूला यायची. आज एवढ्या मोठ्या सभागृहात ते बरं दिसणार नाही, म्हणून त्यानं ती कड मागे घेतली. कडेबरोबर खुणाही फिरल्या, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

रंगमंचावर पुढेही काळा पडदा, मागेही काळा पडदा. ताई धावत आली आणि गुडघ्यांवर बसून खुणांवर स्टँड टेकवत गेली. काका मागोमाग स्क्रू आवळत होते. त्यांचीही नजर बोटांवरच. घंटेआधी सगळं उभं राहिलं. ताई स्टुलावर बसली, काका विंगेत सरकले, कपडे बदलून आलेले बँडवाले अंधारात घाईघाईनं आपापल्या जागी उभे राहिले.

पडदा उघडला तो ताईच्या पाठीमागे.

लोकांत खसखस पिकली. भावानं वळून पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. "ताई, अगं, उलटी बसलीस!"

काका विंगेच्या कडेपर्यंत आले. आता फिरवायचं म्हणजे पडदा पाडून सगळं मोडायचं, आणि मग पुढच्या कार्यक्रमापासून चारच. ताईनं मान वळवून लोकांकडे पाहिलं, सतरंजीकडे पाहिलं, मग भावाकडे.

"तुझे इशारे मला दिसायचे नाहीत," ती म्हणाली. "आज तुम्ही माझं ऐका. एक, दोन..."

भाऊ नेहमी हनुवटीनं सांगायचा, कुठे थांबायचं, कुठे वाढवायचं. आज ते जमणार नव्हतं. दुसऱ्या गाण्यात तो थांबला आणि ताई पुढे गेली; त्याला पळत मागे यावं लागलं. लोकांना वाटलं, ठरवूनच केलं. तिसऱ्या गाण्यापासून सगळा बँड तिच्या म्हशीला धरून चालू लागला.

आणि ताई दिसत होती. घामानं पाठीला चिकटलेला सदरा, दोन्ही कोपरं, पेडलांवर नाचणाऱ्या टाचा. लांबची झांज गाठताना ती स्टुलावरून अर्धी उठे आणि हात पोचला की सगळं सभागृह सुटकेचा निःश्वास टाकी. छतातून वर्षानुवर्षं येणारा तो 'धप्' डाव्या पायाचा होता, हे काकांना त्या दिवशी कळलं. ते आपले उजव्याचा समजत होते.

टाळ्या थांबल्यावर भाऊ विंगेत आला. "पाठ दाखवून जिंकलेली तू पहिलीच, ताई." मग खाली बघून म्हणाला, "सतरंजी मी फिरवली होती."

"कळलं मला."

"पुढच्या वेळीही अशीच बस ना. लोकांना आवडलं."

"छे. तुझी हनुवटी दिसायला हवी मला. सरळच बसेन. झांजा थोड्या बाजूला घेईन, म्हणजे दिसेन."

"आणि ड्रम?"

"सगळे."

भाऊ म्हशीच्या एका बाजूला जाऊन वाकला आणि म्हणाला, "धर तिकडून."

पुढे ताईला धुलाईखान्याजवळ तळमजल्यावर जागा मिळाली. दार इतकं रुंद की काही तिरकं करावं लागू नये. सामान गेलं त्या सकाळी काका जिन्यात उभे होते. त्यानंतर त्यांची भेट झाली नाही. ताई शेवटची झांज काखेत घेऊन उतरत होती.

"काका, पायऱ्या आत्ताच पुसल्यात. जपून."

"हो, हो. तुम्हीही."