वत्सलामावशीची किळस

वत्सलामावशीला किळस फार. शेणवे गावाहून आत जाणाऱ्या रस्त्यावर चौथीपर्यंतची एक शाळा आहे, तिथे ती पोरांची खिचडी शिजवते. तिच्या किळसेचे किस्से आजूबाजूच्या पाड्यांवर चवीने सांगतात. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या मनगटावर घामाचा थेंब दिसला म्हणून ही बाई वरणभात तसाच टाकून उठली होती. सख्ख्या नणंदेने उष्ट्या हाताने लोणचं काढलं, तर अख्खी बरणी हिने उकिरड्यावर रिकामी केली. तिचा नवरा धर्मा म्हणतो, "आमची वत्सला देवाला पन सांगल, आधी हात धू, मंग निवेद खा." असं म्हणतो खरा, पण स्वतः पाय घासून धुतल्याशिवाय घरात यायची त्याची छाती नाही.

अशा बाईला शाळेच्या स्वयंपाकाला लावलं ही दिनेश गुरुजींची हुशारी. तांदळात खडा नाही की डाळीत किडा नाही. सगळ्या तालुक्यात एवढं लख्ख पातेलं दुसऱ्या शाळेत सापडायचं नाही. फक्त पोरांचे हाल व्हायचे. कुणाचं नाक वाहताना दिसलं की मावशी हातातली पळी रोखून ओरडायची, "जा नळावर! त्या मेणबत्त्या घेऊन माझ्यासमोर उभा नको राहूस!"

ओढ्यापलीकडच्या कातकरी वाडीतली गोदी त्या वर्षी दिवाळीनंतरही शाळेत दिसायला लागली, ते गुरुजींच्या खटपटीमुळे. एरवी दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. माणसं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पोरांनाही घेऊन जातात. गुरुजींनी गोदीच्या आईबापाच्या हातापाया पडून पोरीला आजीजवळ, जनाजवळ, ठेवायला लावलं. पोरगी दुसरीतली. दाराशी बसायची, कुणाशी बोलायची नाही. पंगतीत तिच्या शेजारी कुणी बसत नसे. पोरांना तसं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण गावात अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. त्या दुधाबरोबरच पोटात जातात. वत्सलामावशी स्वतः गोदीला वरूनच वाढायची, पळी ताटाला लागू नये म्हणून.

मग एक दिवस जेवता जेवता गोदी डोकं खाजवायला लागली. नखांना रक्त लागलं आणि तशाच हाताने तिने घास घेतला. मावशीला तिथल्या तिथे उमळून आलं.

"कोन बघतं का नाय गो हिला?" ती ओरडली. पण बघणार कोण? जनाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला समोरची म्हैस धड दिसत नव्हती, तिथे उवा काय दिसणार!

दुसऱ्या दिवशी मावशीने घरून करंजाचं तेल आणि फणी आणली. भांडी घासून झाल्यावर गोदीला स्वयंपाकखोलीमागे पाटावर बसवलं, स्वतःच्या नाकाला पदर बांधला आणि शिव्या देत देत तिचं डोकं विंचरायला घेतलं. माया वगैरे काही नाही. त्या उवा तिला सहन होईनात, एवढंच. पण रोज रोज एकाच डोक्यावर हात फिरवला की हाताला त्या डोक्याची सवय लागते. जखमा सुकल्या, लिखा गेल्या, मावशीच्या नाकावरचा पदर कधीतरी सुटला तो पुन्हा बांधायचा राहिला. गोदी हळूहळू पाठ टेकून बसायला लागली. मग दोन वेण्या आल्या. वेण्यांत रिबिनी आल्या. मावशीची नात दिशा त्याच शाळेत तिसरीला होती. ती एक दिवस रिबिनी बघायला म्हणून गोदीच्या शेजारी बसली ती पंगतीतही तिथेच बसली. मग आणखी दोघीतिघी सरकल्या.

शाळेत दर शनिवारी पोरांना व्हरांड्यात गोल बसवतात. पुस्तक नाही, पाटी नाही. आज कसं वाटतंय ते ज्याने त्याने सांगायचं. सरकारने पोरांच्या मनासाठी काढलेली गोष्ट आहे आणि गुरुजी ती मनापासून करत. पोरं मात्र पाढा म्हटल्यासारखी "छान वाटतंय गुरुजीऽ" म्हणून मोकळी होत. गोदीची पाळी आली की ती मान खाली घाले आणि गुरुजी पुढच्याला विचारत. पण त्या शनिवारी ती उभी राहिली. दोन्ही वेण्या पुढे घेऊन म्हणाली, "आय भट्टीवर हाये. मना तिची सय येते. पन मावशी येनी घालते तवा बरं वाटतं."

एवढंच बोलली आणि बसली. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. आत वत्सलामावशीने पदराने डोळे पुसले, त्याच पदराने नाकही पुसलं, आणि तो पदर धुवायचा तिला दिवसभर आठवला नाही. जी पोर कुणाशी बोलत नव्हती, ती आता शाळेत रुजली, असं तिला वाटलं. तिला हवं होतं ते एवढंच.

याच सुमारास भावेशशेठ उगवले. नदीकाठची जमीन घेऊन त्यांनी तिथे बंगला बांधला होता, भोवती उंच भिंत होती आणि फाटकावर कुत्र्याचं चित्र. त्यांच्या मुलाचा वाढदिवस होता. शाळेला जेवण द्यायचं आणि गरजू मुलांना दप्तरं वाटायची, असं त्यांनी कळवलं. शाळेचे पत्रे गळत होते आणि शेठनी त्याबद्दलही 'बघू' म्हटलं होतं. त्या एका 'बघू'वर गुरुजी हवेत होते.

त्यांनी मावशीला विचारलं, "पहिलं दप्तर कोणाला देऊया? सगळ्यात गरजू कोण?"

"इचारताय काय? आपली गोदी," मावशी म्हणाली.

आमच्या भागात जेवणाचं बोलावणं आलं की पोराला न्हाऊ घालून, डोळ्यांत काजळ घालून पाठवायचं, ही रीत आहे. घरात काही का नसेना, शेजारचा सदरा मागून आणायचा, पण पोर पंगतीला फाटकं बसवायचं नाही. त्यात यजमानाचा अपमान होतो. त्या दिवशी जनाने सकाळीच गोदीला ओढ्यावर नेऊन दगडाने घासलं. मावशीने दिशाचा दिवाळीचा परकर-पोलका आणला होता, तो तिला घातला. तेल लावून वेण्या घट्ट घातल्या, वर अबोलीचा वळेसर माळला. गोदी आरशात बघून स्वतःशीच लाजली. जना बाहेर आंब्याखाली बसून होती. नीट दिसत नसलं तरी नातीकडे तोंड करून हसत होती.

शेठ आले, शेठाणी आली, मुलगा आला. शेठाणीचं नाव भावना. हातात फोन आणि डोळ्यांवर काळा चष्मा. उन्हासाठी नसेल, पण पोरांकडे बघताना बाईला तो लागत होता.

"सर, ती मुलगी कुठाय? जिला पहिलं दप्तर द्यायचं?"

गुरुजींनी गोदीला पुढे केलं. भावनाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"ही? अहो सर, ही तर स्वतःच बर्थडे गर्ल दिसतेय. हिला दप्तर दिलेलं बघून लोक काय म्हणतील? हिचे रोजचे कपडे नाहीत का?"

गुरुजी ओशाळं हसले. "आहेत ना... वत्सलामावशी, जरा बघता का?"

"मी नाय बघत," मावशी म्हणाली.

गुरुजी तिच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "पत्र्यांचं बोलणं चाललंय हो मावशी."

मावशी जागची हलली नाही. हलली ती जना. पाहुण्यांना काहीतरी कमी पडलं, एवढंच त्या म्हातारीला कळलं होतं. ती काठी टेकत, ठेचकाळत वाडीकडे गेली आणि फाटका फ्रॉक घेऊन धापा टाकत परत आली. पाहुण्यांचं काम झालं म्हणून तिचा चेहरा फुलला होता. तो चेहरा बघून मावशीला रडू आलं आणि संतापही आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

स्वयंपाकखोलीमागे, जिथे रोज वेणी घालायची त्याच पाटावर, गोदीने परकर उतरवला. फ्रॉक घालून ती बाहेर आली. भावनाबाईंनी हात न लावता लांबूनच बोट हलवलं, "केस, केस जरा मोकळे." गोदीने स्वतःच्या हाताने वेण्या सोडल्या. अबोलीचं काय करावं तिला कळेना, म्हणून ती मुठीत धरली.

"फुलं टाक ती. हं. आता ऐक बेटा. आधी उदास बघायचं, रडलीस तरी चालेल. मग दादा दप्तर देईल, तेव्हा हसायचं. कळलं?"

गोदीला रडू येईना. घाबरून ती नुसती बघत राहिली. भावनाबाईंनी फोनवर पुन्हा घेतलं, परत पुन्हा घेतलं. मुलगा कंटाळून दप्तराच्या चेनशी खेळायला लागला. शेवटी बाईंनी गुरुजींना बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. गुरुजींनी खाली मान घालून काहीतरी सांगितलं. मग बाई गोदीसमोर येऊन गोड आवाजात म्हणाल्या, "तुझी आई भट्टीवर असते ना? तिची आठवण येते ना तुला? आठव बरं आईला."

गोदीचे डोळे भरून आले.

"सुंदर! असंच राहा!" बाई म्हणाल्या.

वत्सलामावशी दारात उभी होती. तिने आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली होती. ढोराच्या जखमेतले किडे पाहिले होते, आजारी सासऱ्याचं सगळं काढलं होतं. पण असं पोटातून ढवळून कधी आलं नव्हतं. गोदीने शनिवारी पोरांमध्ये बसून मनातलं सांगितलं होतं आणि गुरुजींनी तेच उचलून या बाईच्या हातात दिलं होतं. पत्र्यांसाठी!

दप्तर देऊन झालं. भावनाबाईंनी पर्समधून ओला रुमाल काढला आणि मुलाचे हात बोटाबोटातून पुसले. मग पोरांची पंगत बसली. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. मावशीने मुद्दाम विचारलं, "बाई, तुमी पन बसा नं पोरांबरोबर."

"नको हो. आम्ही बाहेरचं खात नाही."

स्वतःच आणलेलं जेवण, पण ते बाहेरचं! म्हणतात ना, दिल्या दानाला आणि केल्या पुण्याला बोलू नये. बरोबर आहे. बोलायला लागलं तर तोंड धुवायला नदी पुरायची नाही.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या गावाच्या फोनवर पोचला. मागे बासरी वाजत होती. मावशीचा मुलगा संजू म्हणाला, "आये, बघ, आपली शाळा गाजली." व्हिडिओखाली सगळ्या गावाने हात जोडलेले. सरपंचाने जोडले, दूधवाल्याने जोडले, ज्या आयांना आपली पोरं गोदीशेजारी बसलेली खपायची नाहीत त्यांनीही जोडले. पोरीचे केस का मोकळे, हे कुणी विचारलं नाही. "बंद कर तो," मावशी म्हणाली. त्या रात्री तिला घरातल्या भाताचीही शिसारी आली.

सोमवारी गोदी शाळेत आली ती केस पिंजारून, तोच फाटका फ्रॉक घालून. नवं दप्तर मात्र पाठीवर होतं. मावशीने पाट मांडला.

"ये गो, बस."

"मना नको, मावशे."

"का गो? डोकं दुखतं?"

"परत पावनं आलं तं? येनी त्यांना नाय आवडत."

मावशीने समजावलं, दटावलं, गूळ देऊ केला. पोरीने डोक्यावर दोन्ही हात दाबून धरले. फणी हातात घेऊन मावशी पाटासमोर बसून राहिली. जोर करून विंचरावं, तर मग त्या बाईत आणि आपल्यात फरक काय, असं तिला वाटलं.

मधल्या सुट्टीत पोरांनी नवा खेळ काढला होता. "गोदे, रड नं!" असं एकाने म्हणायचं, आणि गोदी आईला आठवून खरंच रडायची. मग दुसरा "हस!" म्हणे, आणि ती हसे. पोरं टाळ्या पिटत. गोदीला त्या टाळ्या आवडायला लागल्या होत्या. तिच्याकडे एवढी पोरं एका वेळी कधी बघत नव्हती. मावशीने पळी घेऊन सगळ्यांना पांगवलं, दिशाच्या पाठीत एक धपाटाही घातला. पण ती चुलीकडे वळली की खेळ पुन्हा सुरू होई.

शनिवार आला. पोरं व्हरांड्यात गोल बसली. गुरुजींनी एकेकाला विचारलं. छान वाटतंय गुरुजीऽ, छान वाटतंय गुरुजीऽ. गोदीची पाळी आली तसा गुरुजींचा आवाज उगाचच मऊ झाला.

"गोदी, बाळा, आज कसं वाटतंय तुला?"

गोदी उठली. तिने केस तोंडावर घेतले, गुरुजींच्या खिशातल्या फोनकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "हसू का रडू, गुरुजी?"

वत्सलामावशी हातातलं काम टाकून बाहेर आली. रस्त्यावर थुंकणाऱ्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरणारी बाई ती. पण ती गुरुजींच्या पायापुढे, धुतलेल्या स्वच्छ फरशीवर, सगळ्या पोरांदेखत पचकन थुंकली. गुरुजींनी पाय मागे घेतला नाही. त्यांना वर बघता येईना.

गोदी उभीच होती. काय करायचं ते अजून तिला कुणी सांगितलं नव्हतं.