नंदाबाईंचं मेनी आणि मच

भाज्याच्या लेण्यांची वाट जिथून चढते तिथं नंदाबाईंचं घर. शनिवार-रविवारी त्या ओसरीवर पाहुण्यांना पिठलं-भाकरी वाढतात. शाळा चौथीतच सुटलेली, पण साठीला टेकल्यावर त्यांना इंग्रजी शिकायची हुक्की आली. गोरे पाहुणे नुसत्या खाणाखुणा करून जेवून जातात, हे त्यांना पटेना.

"मुक्यानं जेवत्यात बिचारी. दोन शब्द बोलाया नकोत व्हय?"

सून तेजल मळवलीत मुलांना इंग्रजी शिकवते. तिनं सासूबाईंनाही हाती घेतलं.

"आई, मोजता येतं ते मेनी. मोजता येत नाही ते मच."

नंदाबाईंनी ते आपल्या पद्धतीनं बसवून घेतलं. हातानं वाढायचं ते मेनी, पळीनं वाढायचं ते मच. भाकरी मेनी, पिठलं मच. तांदळापाशी मात्र गाडं अडलं.

"तांदूळ मच," तेजल म्हणाली.

"आन् पावटं?"

"पावटे मेनी."

"का गं? दोनी एकाच सुपात निवडते मी!"

"इंग्रजीत तसंच आहे, आई. सल्लासुद्धा मोजत नाहीत."

"ह्ये मातर खरं. गावात त्याला मोजदादच न्हाई."

महिनाभर भाकऱ्या थापता थापता घोकंपट्टी चालली. मग एका रविवारी एक गोरी बाई आणि तिचा तरणाबांड मुलगा लेणी बघून ओसरीवर टेकले. तेजल परसात होती. नंदाबाईंनी तिला हाक मारली नाही. पदर सारखा केला आणि विचारलं, "हाऊ मेनी भाकरी?"

"वन," बाई म्हणाली.

जमलं! नंदाबाई मुलाकडे वळल्या. "हाऊ मच ठेचा?"

"लॉट्स!"

नंदाबाई वाटी हातात धरून थबकल्या. हा शब्द अभ्यासात नव्हता.

"तेजल! लॉट्स म्हंजी मेनी का मच?"

तेजल पदराला हात पुसत आली. "म्हणजे पुष्कळ. दोन्हीला चालतं ते."

"दोनीला? मंग म्हैनाभर तांदूळ-पावट्यापायी माजं डोस्कं कशाला उठवलंस?"

रागाच्या भरात त्यांनी ठेचा जरा जास्तच वाढला. पोरगा लालबुंद झाला, तरी ताट पुसून जेवला.

निघताना बाईनं तेजलकडे बोट दाखवून ही कोण असं खुणेनं विचारलं. नंदाबाई अभिमानानं म्हणाल्या, "वन सन. वन सून!"

बाईचा चेहरा उजळला. तिनं तेजलचे दोन्ही हात धरून भरभरून अभिनंदन केलं. तेजल लाजून कानापर्यंत लाल झाली.

"काय झालं गं?"

"आई, इंग्रजीत सून म्हणजे लवकरच. तिला वाटलं, घरात लवकरच बाळ येणार!"

"आन् येनार हाय का?"

"नाही हो, आई!"

संध्याकाळी तेजलनं पुस्तक उघडलं, तर नंदाबाईंनी ते मिटलं. "मेनी-मच ऱ्हाऊ दे. घडून गेलेलं कसं सांगायचं त्ये शिकीव. सांगाया लय साटलंय."