खांबाची जागा

मुलांनो, अमेरिकेत तुमच्या गावातलं बेसबॉलचं जुनं स्टेडियम पाडून केलेला वाहनतळ आठवतो ना? फलंदाज उभा राहायचा तिथं डांबरात एक पांढरी फरशी बसवली आहे. तुमच्याकडे आले होते तेव्हा मी नेमकी तिच्यावर उभी होते. झाडू घेऊन आलेले एक आजोबा म्हणाले, "बाई, जरा सरका. माझे वडील इथं खेळायचे." मी सरकले.

इथं आमच्या शाळेच्या मैदानावरही आता इमारत आणि तिचा वाहनतळ आहे. काल तिथं गेले. फाटकाजवळच्या चिंचेपासून पावलं मोजली आणि खो-खोचा खांब होता तिथं, दोन स्कूटरांच्या मधे, फक्कीनं पांढरा गोल काढला.

"आजी, संध्याकाळपर्यंत पुसून जाईल," वॉचमन म्हणाला.

"मग उद्या पुन्हा काढीन. फक्कीचा डबा तुझ्याच केबिनमध्ये ठेवते."