शिमोनकाकांची मंडळी

शनिवारी सकाळी इंदूरला उतरलो. कामाचे कागद होतेच, शिवाय श्रीरामपूरच्या चर्चच्या सचिवबाईंनी दिलेला एक लिफाफाही होता. आमचे जुने शेजारी शिमोनकाका पत्नी वारल्यावर मुलीकडे, मार्थाकडे, इथं राहायला आले. त्यांचं सभासदत्व इथल्या चर्चकडे सोपवणारं पत्र लिफाफ्यात होतं. ते मागवलं होतं मार्थानं. काका दोन वर्षं टाळत होते.

विजय नगरातल्या फ्लॅटवर मार्थानं शेव आणि जिरावण (मसाल्याची पूड) घातलेले पोहे दिले. काकांनी लिफाफा घेतला, पण उघडला नाही.

रविवारी त्यांच्यासोबत चर्चला गेलो. वाटेत मी विचारलं, मंडळी म्हणजे तुमच्यात नेमकं काय? आमच्याकडे पाहुणेही मंडळी आणि बायकोही मंडळी. काका म्हणाले, चर्चची माणसं म्हणजे मंडळी. इमारत पडली तरी ती राहते. इथं तिला कलीसिया म्हणतात.

उपासना हिंदीत झाली. काका शेवटच्या बाकावर बसले होते. नंतर पाळकांनी पत्राबद्दल हळूच विचारलं, तरी लिफाफा खिशातून निघेना.

"हे दिलं की तिकडचं नाव कमी होणार," काका मला म्हणाले. "आणि तुझी काकू तिकडच्या मातीत आहे."

शेजारच्या बाकावर एक वयस्क बाई होत्या. तीन पिढ्या इंदुरात काढलेल्या, मराठी. त्या म्हणाल्या, "शिमोनजी, डेंगूत तुम्ही आठ दिवस अस्पतालात होता. आम्ही बारी बारीनं बसत होतो. तेव्हा तर तुम्ही पूछलं नाही, आम्ही कोणत्या मंडळीचे करून."

काकांनी खिशातून लिफाफा काढला. मग उठले आणि स्वतः जाऊन पाळकांना पत्र दिलं.

सोमवारी निघताना ते जिन्यापर्यंत आले. म्हणाले, तिकडे गेलास की तिला सांग.

श्रीरामपूरला चर्चच्या दफनभूमीत मी आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. माळ्यानं कबर दाखवली. अशा वेळी हात जोडायचे की नुसतं उभं राहायचं, कळेना. माळी लांब गेल्यावर मी चप्पल काढली आणि म्हणालो, "काकू, काकांना इंदूरची मंडळी मिळाली."