निघताना आणि येताना

चंदरदादा आमच्या कोळीवाड्यातला तांडेल. बोटीचं सुकाणू त्याच्या हाती आणि माझा नवरा विनेश तिच्यावर खलाशी. दादाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा माझ्याही घरची चूल थंडावली. काही महिन्यांच्या व्यायामाने त्याचा डावा हातपाय पुन्हा चालू लागला. डोकं शाबूत आहे का, ही परीक्षा मात्र आमच्या शहाण्या पुरुषांनी धक्क्यावरच उरकली. खाडीतून बाहेर जाऊन परत येईपर्यंत पाण्यातली सगळी खडपं, म्हणजे खडक, तोंडपाठ सांगायची. दादाने एकही सोडलं नाही. मासेमारीवरची पावसाळी बंदी उठली की बोट त्याचीच, असं ठरूनही गेलं.

मला धीर नव्हता. दादा ताटातला डावीकडचा मासा तसाच ठेवून उठायचा आणि नीरावहिनी, त्याची बायको, हाताला चव राहिली नाही म्हणून रडायची. शेवटी भांडून त्याला अलिबागला मेंदूच्या तपासणीला नेलं.

तिथल्या प्राप्ती मॅडमनी आकडे विचारले, गोष्ट सांगून परत वदवून घेतली. आठवण उत्तम निघाली. दादा माझ्याकडे बघून हसला. मला रागच आला.

मग मॅडम म्हणाल्या, "तांडेल, बंदरातून निघालात. दोन्ही बाजूंना काय दिसतं?"

दादाने भराभर नावं घेतली. सगळी उजव्या हाताची.

"आणि डावीकडे?"

"डावीकडं काय न्हाय. मोकलं पानी हाय."

बोट फोडणारी खडपांची रांग त्याच बाजूला आहे.

"आता परत येताय. सांगा."

आता तीच रांग त्याने नावानिशी सांगितली, कारण ती उजवीकडे आली होती. मघाची नावं मात्र सगळी गळाली. धक्क्यावर आम्ही जाणं-येणं एकत्र धरलं होतं; अर्धी नावं जाताना, अर्धी येताना येऊन यादी पुरी झाली, म्हणून कोणालाच कळलं नाही.

"डोळे चांगले आहेत," मॅडम म्हणाल्या. "मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नाही. मान वळवून बघायची सवय लावू. पण पुन्हा तपासल्याशिवाय सुकाणू नाही."

दादा भडकला. "मना समुद्र शिकवता? नीरा कुठं गेली? चला घरी."

वहिनी त्याच्या डावीकडे, खुर्चीला खुर्ची लावून बसली होती. तिने त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. ती दिसताच दादाने तिचा हात घट्ट धरला.

"नलू," तो मला म्हणाला, "तुझा विनेश मीच बुडवला असता."